माशी शिंकली, रेनडिअर बर्फावर!

काम बिघडलं की आपण विचारतो, "कुठे माशी शिंकली?" नॉर्वेच्या डोंगरांत एक माशी आहे, ती स्वतः शिंकत नाही, रेनडिअरला शिंकायला लावते. उडता उडता ती त्याच्या नाकपुडीत आपल्या इवल्याशा अळ्यांची पिचकारी मारते. अळ्या आत सरकत घशापर्यंत जातात, तिथेच हिवाळा काढतात आणि वसंतात गलेलठ्ठ झाल्या की शिंकेबरोबर, खोकल्याबरोबर बाहेर पडतात.

तिची एक चुलतबहीणही आहे, छोट्या भुंग्यासारखी केसाळ. ती रेनडिअरच्या पायांच्या, पोटाच्या केसांवर अंडी घालते. अळी कातडी भोकसून आत शिरते, पाठीपर्यंत प्रवास करते आणि तिथे श्वास घ्यायला कातडीला भोक पाडते. गंमत म्हणजे दोन्ही माश्या चावत नाहीत. प्रौढ माशीला खायला धड तोंडच नसतं! तरी तिची चाहूल लागली की शंभर किलोचं जनावर चरणं सोडून सैरावैरा पळतं.

या माश्यांना ऊन हवं, उबदार आणि वारा पडलेला दिवस हवा. थंडीत त्यांचे पंख चालत नाहीत. म्हणून उन्हाळ्यातल्या तापलेल्या दुपारी रेनडिअरचे कळप डोंगरमाथ्याजवळच्या, वर्षभर न वितळणाऱ्या बर्फावर जाऊन उभे राहतात. तिथे गवताचं पातं नसतं, पण माशीही नसते.

ही गोष्ट माणसाने हेरली. भर उन्हात शिकार कुठे मिळेल, याचा पत्ता माशीनेच दिला होता म्हणा ना. शिकारी दगडांच्या बुटक्या भिंतींमागे दबा धरून बसत. पण कळप नेमका आपल्याच दिशेने यावा कसा? त्यासाठी त्यांच्याकडे साधीच युक्ती होती: साधारण मीटरभर लांबीच्या काठ्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला सैल बांधलेली पातळ लाकडी फळी. वारा आला की फळी फडफडते. अशा काठ्यांची रांग रोवली की बुजरा रेनडिअर ती ओलांडत नाही, रांगेच्या कडेकडेने जातो, थेट बाणाच्या टप्प्यात. आपल्याकडे ज्वारीच्या शेतावर जुन्या कॅसेटची फीत ताणून बांधतात, ती वाऱ्यावर चमकते, गुणगुणते आणि पाखरं बिचकतात. युक्ती तीच, फक्त इथे हुसकवायचं असतं आणि तिथे जवळ आणायचं होतं.

नॉर्वेतल्या सर्वांत उंच शिखराजवळ, गाल्डहॉपिगेनजवळ, युवफॉन नावाचा बर्फाचा पट्टा आहे. तिथे अशा शेकडो काठ्या मिळाल्या, बऱ्याचशा इसवी सनाच्या तिसऱ्या ते सहाव्या शतकांतल्या. लांगफॉन नावाच्या दुसऱ्या ठिकाणी 68 बाण मिळाले आणि त्यांतले सर्वांत जुने सुमारे 6,000 वर्षांपूर्वीचे आहेत. मला यातली सर्वांत आवडती गोष्ट ही, की यांतले बरेचसे बाण नेम चुकलेले असणार. लागलेला बाण शिकारी काढून परत वापरतो. चुकलेला बर्फात घुसला की गेला. तेव्हाची फजिती आज संग्रहालयात काचेआड ठेवली आहे.

पण बर्फात पडलेली लाकडी काठी इतकी वर्षं टिकते कशी? हिमनदीत पडली असती तर टिकली नसती. हिमनदी नावाप्रमाणे वाहते. तिच्या पोटात सापडलेली वस्तू भरडली जाते आणि काही शतकांत खाली फेकली जाते. हे पट्टे मात्र डोंगराला लावलेल्या ठिगळासारखे जागच्या जागी असतात. वाहण्याइतकं वजनच त्यांना नसतं. युवफॉनच्या तळाचा बर्फ तर 7,000 वर्षांहून जुना आहे.

शिवाय बर्फात बुरशी वाढत नाही, किडे जगत नाहीत. 2011 साली नॉर्वेतल्याच लेंडब्रेन खिंडीत बर्फाच्या कडेला एक चुरगळलेला लोकरी अंगरखा सापडला. उलगडला तर अख्खा निघाला, सुमारे 1,700 वर्षांचा! अंगावर बराच वापरलेला, पाठीला ठिगळं लावलेला. तुमच्या घरातला लोकरी स्वेटर ट्रंकेत दोन पावसाळे नुसता पडू द्या, कसर त्याची चाळण करते. म्हणून आजी डांबराच्या गोळ्या टाकते. त्या अंगरख्याला डांबराच्या गोळ्यांचं काम बर्फाने केलं. आज कित्येक संग्रहालयांतही जुनं कापड, पिसं किंवा कातडं आलं की ते आधी पिशवीत बंद करून उणे 30 अंशांच्या आसपास काही दिवस गोठवतात. कसर, तिच्या अळ्या, अंडी, सगळं मरतं आणि विषारी औषध फवारावं लागत नाही.

आता हवा तापते आहे आणि हे नैसर्गिक फ्रीजर बंद पडत चालले आहेत. वितळलेल्या बर्फातून बाहेर आलेली काठी बराच काळ तग धरते, पण बाणाची पिसं किंवा कातड्याचा जोडा उघड्यावर फार टिकत नाही. म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी, जुना बर्फ सर्वांत जास्त उघडा पडतो आणि नवा पडलेला नसतो, त्या जेमतेम काही आठवड्यांत पुरातत्त्वज्ञ तंबू घेऊन वर जातात.

आणि शोधायला सुरुवात कुठे करतात? लेंड्यांपासून! माश्यांना कंटाळून बर्फावर उभ्या राहिलेल्या कळपांनी हजारो वर्षं टाकलेल्या लेंड्यांचे काळे थर बर्फाच्या कडेला दिसतात. असा थर दिसला की बाणांची आशा धरायची. 1997 साली कॅनडातल्या युकॉनमध्ये असंच झालं. डोंगरावर वितळत्या बर्फाजवळ लेंड्यांचा उग्र वास सुटला होता. रेनडिअरला तिकडे कॅरिबू म्हणतात, आणि त्या भागात तर कित्येक दशकांत कॅरिबू फिरकलेच नव्हते. वास येत होता तो गोठून राहिलेल्या, नुकत्याच उघड्या पडलेल्या प्राचीन लेंड्यांचा. त्यांच्यातच लाकडी भाल्याचा एक तुकडा पडला होता, 4,000 वर्षांहून जुना.