नॉन-कॉम्पीट कलम: १८७२ पासूनची वाटचाल

नोकरी सोडल्यावर अमुक वर्षं प्रतिस्पर्धी कंपनीत काम करणार नाही, असं लिहून घेणारं कलम आजही नेमणूकपत्रांत सर्रास असतं. त्याचा निकाल भारतीय करार अधिनियमाच्या कलम २७ ने १८७२ मध्येच लावला आहे: कायदेशीर पेशा, व्यापार किंवा धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता शून्य, म्हणजे कायद्याने रद्दबातल. कलमातला अपवाद एकच, धंद्याचं गुडविल, म्हणजे नावलौकिक, विकणाऱ्याचा.

इंग्लंडमध्ये १७११ च्या मिचेल विरुद्ध रेनल्ड्स खटल्यापासून न्यायालयं बंधन ‘वाजवी’ आहे का, हे तपासत आली. आपलं कलम २७ मात्र आलं न्यूयॉर्कचे कायदेतज्ज्ञ डेव्हिड डडली फील्ड यांच्या कायदासंहितेच्या मसुद्यावरून. कॅलिफोर्नियानेही तोच घेतला. १८७४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने अंशतः बंधनही शून्यच ठरवलं.

कंपन्या बोट दाखवतात ते १९६७ च्या गोलिकरी खटल्याकडे. कल्याणच्या टायरकॉर्ड कारखान्यातला कर्मचारी पाच वर्षांचा करार मध्येच सोडून प्रतिस्पर्ध्याकडे गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने बंधन मान्य केलं, पण कराराच्या मुदतीपुरतं. हा फरक एचआरच्या पत्रांतून हमखास गळतो. मुदतीनंतरचं बंधन चालत नाही, हे २००६ च्या क्रिकेटपटू झहीर खानच्या खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

मग सही नाकारली तर? इथे कायदा तोकडा पडतो, आणि ही उणीव गंभीर आहे. कलम २७ करार शून्य ठरवतं; नकार देणाऱ्याला नोकरी द्याच, असं सांगत नाही. रुजू होण्याआधी नकार दिला तर ऑफर मागे घेतली जाऊ शकते. आधीपासून नोकरीत असलेल्याची बाजू जास्त बळकट: मूळ नेमणूकपत्रात नसलेली अट त्याच्या संमतीशिवाय करारात येत नाही. नकार ई-मेलने, करारातल्या त्या कलमाचा क्रमांक देऊन कळवावा; गोपनीयतेची अट मान्य असेल तर तसं स्वतंत्र लिहावं, म्हणजे माहिती चोरण्याचा हेतू चिकटवता येत नाही. सही करावीच लागली तर प्रत जपून ठेवावी. सहीमुळे शून्य कलम वैध होत नाही.

ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास पैसे भरायला लावणाऱ्या बाँडचं तसं नाही. तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध ठरवली. मात्र करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार बाँडमधली रक्कम ही कमाल मर्यादा असते. तिच्या आत वाजवी ठरेल तेवढीच भरपाई मिळते.