न्यू ऑर्लीन्स : शहरातील वाहतूक व भोजन

न्यू ऑर्लीन्स : अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुइझियाना राज्यातील सर्वांत मोठे शहर. लोकसंख्या ३,८३,९९७ (२०२०). मिसिसिपी नदीच्या चंद्रकोरीसारख्या वळणावर, नदी आणि उत्तरेकडील पाँचरट्रेन सरोवर यांच्या दरम्यान वसलेले. १७१८ मध्ये फ्रेंच वसाहतकार ब्येनव्हील याने त्याची स्थापना केली. पुढे सुमारे चार दशके स्पॅनिश अंमल राहिला आणि १८०३ च्या खरेदीव्यवहाराने ते अमेरिकेकडे आले. शहराचा सर्वसाधारण इतिहास, जॅझ संगीत व मार्डी ग्रा उत्सव हे विषय या नोंदीत घेतलेले नाहीत. येथे फिरणे आणि जेवणे एवढ्यापुरताच विचार केला आहे. हे दोन विषय एरवी वेगळे मानले जातात. या शहरात ते १९२९ च्या ट्राम संपाशी येऊन एकमेकांत गुंततात.

दिशा व रस्ते : जुने रस्ते नदीच्या वळणाबरोबर वाकलेले असल्यामुळे पूर्व-पश्चिम सांगून येथे कोणाला पत्ता सापडत नाही. स्थानिक माणूस ‘नदीकडे’, ‘सरोवराकडे’, ‘अपटाउन’ (प्रवाहाच्या उलट) व ‘डाउनटाउन’ (प्रवाहाबरोबर) या चार शब्दांवर भागवतो. नदीपलीकडच्या अल्जिअर्स या वस्तीचा समावेश ‘वेस्ट बँक’मध्ये, म्हणजे पश्चिम तीरात होतो, प्रत्यक्षात फ्रेंच क्वार्टरमधून (शहराच्या सर्वांत जुन्या भागातून) पाहिले तर ती पूर्वेला आहे आणि सूर्य तिकडूनच उगवतो. कनॅल स्ट्रीट ओलांडला की रस्त्यांची नावे बदलतात : रॉयल स्ट्रीटचा सेंट चार्ल्स अ‍ॅव्हेन्यू होतो, बर्बन स्ट्रीटचा कॅरोंडेलेट. कनॅल स्ट्रीटवर कालवा मात्र नाही. तो योजला गेला होता, खोदला कधीच गेला नाही.

रस्त्याच्या दुभाजकाला या शहरात ‘न्यूट्रल ग्राउंड’ (तटस्थ भूमी) म्हणतात. कनॅल स्ट्रीटच्या एका बाजूला फ्रेंच भाषक क्रिओल (जुन्या वसाहतकारांचे येथेच जन्मलेले वंशज) आणि दुसऱ्या बाजूला नवागत अमेरिकन राहत. त्यांच्या भांडणात मधला पट्टा कोणाचाच नव्हता म्हणून हे नाव पडले, असे मार्गदर्शक सांगतात. ही संज्ञा मात्र त्याआधीच प्रचारात होती. स्पॅनिश टेक्सस व लुइझियाना यांच्या सीमेवरील सबीन नदीलगतच्या वादग्रस्त प्रदेशाला १८०६ पासून हेच नाव होते. ते शहरातल्या भांडणाला विनोदाने चिकटवले गेले असावे, हा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो.

ट्राम : प्रवाशाच्या दृष्टीने शहरातील सर्वांत सोयीचे, आणि अभ्यासकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे वाहन. स्थानिक बोलीत ‘स्ट्रीटकार’. ‘न्यू ऑर्लीन्स अँड कॅरोल्टन रेलरोड’ या कंपनीला १८३३ मध्ये सनद मिळाली व १८३५ मध्ये गाड्या सुरू झाल्या. प्रारंभी वाफेची इंजिने होती, मग घोडे व खेचरे आली, १८९३ मध्ये वीज आली. आजचा सेंट चार्ल्स मार्ग तोच. ‘जगातील सर्वांत जुना, अखंड चालू असलेला ट्राममार्ग’ हे त्याचे बिरुद तपासून घ्यावे लागते. वेल्समधील स्वान्झी-मंबल्स मार्गावर १८०७ पासून प्रवासी वाहतूक होती, पण तो १९६० मध्ये बंद झाला. न्यूयॉर्कमधील १८३२ चा मार्गही आता उरलेला नाही. तेव्हा ‘सर्वांत जुना’ याचा अर्थ ‘उरलेल्यांत सर्वांत जुना’ असा घ्यावा. ‘अखंड’ या शब्दालाही २००५ च्या कॅटरिना चक्रीवादळाने तडा दिला. विजेच्या तारा तुटून पडल्यामुळे हा मार्ग दोन वर्षांहून अधिक काळ पूर्णतः किंवा अंशतः बंद राहिला आणि जून २००८ मध्ये पूर्ण लांबीवर पुन्हा चालू झाला.

हा मार्ग टिकला याचे एक कारण भूगोलात आहे. नदीने शतकानुशतके गाळ टाकून स्वतःच्या काठावर उंचवटा तयार केला. सरोवराच्या दिशेने जमीन उतरत जाते आणि पुष्कळ ठिकाणी समुद्रसपाटीखाली जाते. सेंट चार्ल्स अ‍ॅव्हेन्यू या उंचवट्यावरून जातो. २००५ मध्ये शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली होता, तेव्हा हा काठ बहुतांशी कोरडा राहिला आणि विलो स्ट्रीटवरील आगारातील जुन्या हिरव्या गाड्या वाचल्या. कनॅल मार्गाच्या नव्या लाल गाड्या त्यांच्या आगारात बुडाल्या. त्यानंतर बराच काळ कनॅल स्ट्रीटवर ऐंशी वर्षांच्या हिरव्या गाड्यांनीच काम निभावले.

हिरव्या गाड्या नॉर्थ कॅरोलायनातील पर्ली टॉमस कंपनीने १९२३-२४ मध्ये बांधलेल्या आहेत. रुळांची रुंदी ५ फूट २.५ इंच (१,५८८ मिमी.), म्हणजे प्रमाण रेल्वेमापापेक्षा सहा इंचांनी जास्त. १९८८ मध्ये सुरू झालेल्या नदीकाठच्या मार्गाला आरंभी प्रमाणमाप होते. १९९७ मध्ये ते बदलून इतरांशी जुळवून घेण्यात आले. गाडीला दोन्ही टोकांना चालकाची जागा आहे. शेवटच्या थांब्यावर चालक छतावरचा एक दांडा खाली ओढून बांधतो, दुसरा वरच्या तारेला लावतो आणि मधल्या वाटेने चालत जाताना लाकडी बाकांच्या पाठी खटाखट उलट्या दिशेला पाडत जातो. गाडी वळवण्याचा प्रश्नच येत नाही. हिरव्या गाड्यांना वातानुकूलन नाही, खिडकीची काच स्वतः वर सरकवावी लागते. चाकाच्या खुर्चीवरील प्रवाशाला त्यांत चढता येत नाही. त्याने लाल गाड्या घ्याव्यात. त्यांत उचलयंत्र व वातानुकूलन दोन्ही आहे.

कनॅल मार्ग १९६४ च्या मेअखेर बंद करून तेथे बस आणण्यात आली. मुंबईची शेवटची ट्राम त्याच वर्षी ३१ मार्चला धावली होती. मुंबईने रूळ उखडले ते कायमचे. न्यू ऑर्लीन्सने २००४ मध्ये ते पुन्हा घातले. टेनेसी विल्यम्सच्या नाटकामुळे जगाला ठाऊक झालेला ‘डिझायर’ हा मार्ग मात्र १९४८ पासून बंद आहे व त्या नावाची ट्राम शोधणाऱ्या पर्यटकाची निराशा होते.

ट्रामचा इतिहास वंशभेदाचाही आहे. कृष्णवर्णीयांसाठी चांदणी चितारलेल्या वेगळ्या गाड्या असत. १८६७ मधील निदर्शनांनंतर त्या बंद झाल्या. १९०२ च्या राज्य कायद्याने भेद परत आणला. या वेळी गाडी एकच, पण बाकांच्या पाठींवर बसवता येणारी लाकडी पाटी आडवी येई. तिच्या मागे कृष्णवर्णीय, पुढे गौरवर्णीय. गर्दीनुसार पाटी सरकवली जाई. ही पद्धत १९५८ मध्ये संपली.

भाडे २०२० नंतरच्या वर्षांत सव्वा डॉलर आणि दिवसभराचा पास तीन डॉलर असे आहे. रोख देणाऱ्याने सुटे पैसे जवळ ठेवावेत. पेटीतून मोड परत मिळत नाही.

इतर वाहने : लुई आर्मस्ट्राँग विमानतळ केनर या लगतच्या गावात आहे; नवे टर्मिनल नोव्हेंबर २०१९ पासून वापरात. तेथून शहरात बस येते. रेल्वेने शिकागो, न्यूयॉर्क व लॉस अँजेल्सकडे जाता येते. लॉस अँजेल्सची गाडी आठवड्यातून तीनदाच सुटते. कनॅल स्ट्रीटच्या टोकापासून अल्जिअर्सला जाणारी नाव १८२७ पासून चालू आहे. फ्रेंच क्वार्टर पायीच पाहावे.

भोजन : पो-बॉय. लांब पाव मधून चिरून त्यात तळलेली कोळंबी, तळलेले कालव किंवा रश्शात शिजवलेले गोमांस भरून केलेला पदार्थ. दुकानदार ‘ड्रेस्ड?’ असे विचारतो. त्याचा कपड्यांशी संबंध नाही; कोबीसारखी चिरलेली लेट्यूसची पाने, टोमॅटो, लोणच्याची काकडी व मेयोनेझ घालू का, असा अर्थ. पावाचे कवच कागदासारखे पातळ व कुरकुरीत, आत जवळजवळ पोकळ. चावताच चुरा मांडीवर पडतो. आपल्या मऊ लादीपावाच्या तो अगदी उलट. त्याला ‘फ्रेंच ब्रेड’ म्हणत असले तरी तो भाजणारे बहुधा जर्मन व सिसिलियन वंशाचे. लायडनहायमर ही १८९६ ची बेकरी जर्मन स्थलांतरिताने काढलेली आहे.

नावाच्या व्युत्पत्तीवर बरेच लिहिले गेले आहे. सर्वमान्य कथा अशी : बेनी व क्लोव्हिस मार्टिन हे भाऊ पूर्वी ट्रामवर वाहक होते. १९२२ मध्ये त्यांनी फ्रेंच मार्केटमध्ये कॉफी व खाण्याचे दुकान काढले. १ जुलै १९२९ रोजी ट्राम कामगारांनी संघटनेच्या अस्तित्वाच्या प्रश्नावर संप केला. कंपनीने बाहेरून माणसे आणली. ५ जुलैला कनॅल स्ट्रीटवर जमावाने एक गाडी जाळली. मार्टिन बंधूंनी आपल्या जुन्या संघटनेच्या, म्हणजे विभाग १९४ च्या, सभासदांना फुकट जेवण देऊ केले. संपकरी दुकानाकडे येताना दिसला की आतून कोणीतरी म्हणे, ‘आला बघा आणखी एक गरीब पोर.’ यावरून पावाला ‘पुअर बॉय’ आणि बोलीत ‘पो-बॉय’ नाव पडले. नेहमीचा पाव टोकांकडे निमुळता असल्याने सारखे वाटे पडत नसत, म्हणून जॉन जेंडुसा या बेकरीवाल्याने सर्वत्र सारख्या रुंदीचा सुमारे ४० इंची पाव तयार केला. हा तपशील विशेष लक्षात घेण्याजोगा आहे, कारण आजच्या पो-बॉयचा आकार तेथूनच आला.

आक्षेप तीन आहेत. एक, संपकऱ्यांना जेवण देऊ करणारे मार्टिन बंधूंचे ऑगस्ट १९२९ मधील पत्र उपलब्ध आहे, परंतु त्यात ‘पुअर बॉय’ हे शब्द नाहीत. नावाची कथा बेनी मार्टिन यांनी नंतर सांगितलेली आहे. दोन, जॅझ वादक सिडनी बेशे यांच्या १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात, लुई आर्मस्ट्राँगबरोबर तरुणपणी घेतलेल्या पावांना ‘पुअर बॉय’ म्हटले आहे आणि तो प्रसंग संपाच्या पुष्कळ आधीचा आहे. तीन, काहींच्या मते मूळ शब्द फ्रेंच ‘पूर्ब्वार’ (बक्षिसी) हा असावा. यांपैकी तिसऱ्याला ध्वनिसाम्यापलीकडे आधार दिसत नाही. बेशे यांचा पुरावा टाकाऊ नाही, पण वृद्धपणी आठवण सांगताना माणूस जुन्या वस्तूला नवे नाव सहज देतो. पहिला आक्षेप खरा आहे, निर्णायक नाही : पत्र निमंत्रणाचे होते, खाद्यपदार्थाच्या बारशाचे नव्हे. न्यू ऑर्लीन्स विद्यापीठातील इतिहासकार मायकेल मिझेल-नेल्सन यांनी संपाच्या कागदपत्रांवर काम करून मार्टिन कथेचेच समर्थन केले आहे व प्रस्तुत नोंदीत तोच पक्ष स्वीकारला आहे. मात्र पावात कालवे भरून खाण्याची चाल एकोणिसाव्या शतकातली. मार्टिन बंधूंचे श्रेय नाव आणि आकार यांपुरते.

संपातून कामगारांच्या पदरात फारसे काही पडले नाही.

गंबो : भाताबरोबर वाढला जाणारा दाट रस्सा, कोंबडी, सॉसेज, खेकडा, कोळंबी यांपैकी काहीही घालतात. मैदा तेलात किंवा चरबीत मंद आचेवर चॉकलेटी होईपर्यंत परतणे हा त्यातला कसोटीचा भाग. हात थांबला की मैदा करपतो आणि सगळे ओतून पुन्हा सुरुवात करावी लागते. नाव बहुधा भेंडीला असलेल्या बांटू भाषांतील ‘किंगोंबो’ या शब्दावरून; दुसरे मत चॉक्टॉ आदिवासींच्या ‘कोंबो’ या, सॅसफ्रस झाडाच्या पानांच्या पुडीसाठी असलेल्या शब्दाकडे बोट दाखवते. दोन्ही वस्तू रस्सा दाट करण्यासाठीच वापरतात, त्यामुळे वाद मिटत नाही. बहुसंख्य अभ्यासक आफ्रिकी मूळ मानतात. मराठी स्वयंपाकघरात भेंडीची तार सुटू नये म्हणून ती धुऊन कोरडी करतात, आमसूल किंवा ताक घालतात. येथे ती तारच हवी असते.

इतर पदार्थ : सोमवारी लाल राजमा-भात. सोमवार कपडे धुण्याचा दिवस, भांडे चुलीवर आपोआप शिजत राही. मफुलेटा हा ऑलिव्हच्या कोशिंबिरीचा गोल इटालियन पाव, सेंट्रल ग्रोसरी या १९०६ च्या दुकानाशी निगडित. बेन्ये म्हणजे पिठीसाखर भुरभुरलेले चौकोनी तळीव. काफे द्यू मोंद (१८६२) येथे ते चिकोरी मिसळलेल्या कॉफीबरोबर मिळतात. काळे कपडे घालून जाऊ नये, साखर उडते. अँत्वान्स (१८४०) हे शहरातील सर्वांत जुन्या उपाहारगृहांपैकी. गॅलट्वार्स (१९०५) येथे संध्याकाळी पुरुषांना कोट लागतो. डूकी चेस (१९४१) येथे लिआ चेस (१९२३-२०१९) यांच्या काळात नागरी हक्क चळवळीचे कार्यकर्ते, गोरे व काळे, एका टेबलाशी बसत. तेव्हा तसे बसणे बेकायदा होते.

शाकाहारी प्रवाशाने नावांवर विसंबू नये. राजम्यात सहसा डुकराचे मांस असते. पालेभाज्यांचा ‘गंबो झेर्ब’ ईस्टरपूर्वीच्या पवित्र सप्ताहातील गुरुवारी होतो आणि त्यातही बहुधा मांस व सॉसेज असतात. बेन्ये चालतात, पण ते कशात तळले हे विचारावे.