संगणक-नियंत्रित रोटरी टेबल

संगणक-नियंत्रित रोटरी टेबल : लहान मिलिंग मशीनवर किंवा लेथवर बसवलेले, स्टेपर मोटरने (ठरावीक पावलांनी सरकणाऱ्या मोटरने) फिरणारे आणि घरच्या संगणकाकडून आज्ञा घेणारे वर्तुळविभाजनाचे साधन. दंतचक्राचे दाते कापणे, फ्लँजवर समान अंतरावर भोके पाडणे, अंशपट्टी आखणे ही त्याची नेहमीची कामे. छंद म्हणून धातुकाम करणारे शीतक पंपाचा रिले, स्पिंडलचा वेग आणि उंची मोजणारा प्रोब यांचेही नियंत्रण संगणकाकडे देतात. मात्र त्यांत बहुतेक चालू-बंद करण्याचेच काम असते. रोटरी टेबलाला मोजावे लागते, म्हणून प्रस्तुत नोंदीत तेच मुख्य धरले आहे.

उगमाविषयी दोन मते आढळतात. पहिल्या मताप्रमाणे यंत्राला छिद्रांतून आज्ञा देण्याची परंपरा विणकामातून आली. बाझील बूशाँ याची छिद्रपट्टी (सु. १७२५), व्होकांसोंचा माग आणि १८०४ च्या सुमारास सिद्ध झालेला, छिद्रांच्या कार्डांवरून नक्षी विणणारा जॅकार्ड माग हे तिचे टप्पे. सोलापूरच्या वाचकाला हे मत सहज पटावे असे आहे. चादरीवरची मयूरपंखी नक्षी मागावर टांगलेल्या कार्डांच्या माळेतूनच उतरत आली आहे आणि शहराच्या पूर्व भागातील विणकर घरांत ही कार्डे पिढ्यान्‌पिढ्या हाताळली गेली आहेत. दुसरे मत संख्यात्मक नियंत्रणाचा, म्हणजे यंत्राला आकड्यांतून आज्ञा देण्याच्या पद्धतीचा, उगम १९५२ सालच्या प्रयोगात पाहते. त्या वर्षी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेने सिनसिनाटी कंपनीचे हायड्रोटेल मिलिंग मशीन छिद्रपट्टीवरील आकड्यांनुसार चालवून दाखवले. मूळ कल्पना हेलिकॉप्टरची पाती बनवणाऱ्या जॉन पार्सन्स यांची होती. पात्याच्या वक्राचे बिंदू ते व त्यांचे सहकारी फ्रँक स्ट्यूलेन आधीच पंचकार्ड यंत्रांवर मोजून घेत असत.

दोहोंपैकी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. जॅकार्डचे कार्ड धागे उचलणाऱ्या हुकाला ‘उचल’ किंवा ‘उचलू नको’ एवढेच सांगते. किती उचलायचे हे यंत्राच्या रचनेतच ठरलेले असते. संख्यात्मक नियंत्रणात आज्ञेतच अंतर असते. १९८३ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात बोनस कंपनीने मांडलेल्या इलेक्ट्रॉनिक जॅकार्डमध्ये कार्डांची जागा विद्युतचुंबकांनी घेतली, तरी आज्ञेचे स्वरूप ‘हो-नाही’ हेच राहिले. साम्य आहे ते साठवणुकीच्या माध्यमात. स्टेपर मोटरचे मूळ आणखी वेगळ्या ठिकाणी, बहुधा १९२०-३० च्या दशकांत युद्धनौकांवर दिशादर्शनाचे आकडे एका जागेहून दुसरीकडे पोहोचवणाऱ्या यंत्रणेत, शोधले जाते.

घरगुती वापराचा मार्ग छपाईयंत्राच्या (प्रिंटरच्या) पोर्टमुळे खुला झाला. १९८१ च्या आयबीएम संगणकासोबत रूढ झालेल्या या २५ पिनांच्या पॅरलल पोर्टमध्ये आठ डेटा व चार नियंत्रण मिळून १२ बाहेर जाणारे आणि पाच आत येणारे संदेश असतात. दर मोटरीला ‘पाऊल’ व ‘दिशा’ अशा दोन तारा लागतात. म्हणजे तीन अक्ष आणि चौथे रोटरी टेबल सहज मावते. आत येणाऱ्या तारांवर लिमिट स्विच (हालचालीची हद्द संपल्याचे सांगणारा) व आपत्कालीन बटण जोडतात. डॉस या जुन्या संगणकप्रणालीत प्रोग्रॅम थेट पोर्टवर लिहू शकत असे. विंडोजच्या एनटी शाखेने ती मुभा काढल्यावर मॅक-३ सारख्या यंत्रनियंत्रण प्रणालींनी स्वतःचा ड्रायव्हर (पोर्टशी बोलणारी आज्ञावली) आणला, पण पॅरलल पोर्टसाठीचा हा ड्रायव्हर ३२ बिटांच्या विंडोजपुरताच राहिला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेत १९९० च्या दशकात तयार झालेल्या ईएमसी या प्रणालीतून पुढे लिनक्ससीएनसी विकसित झाली. तिचा भर मोटरीला पाऊल टाकायला लावणारी विद्युत स्पंदने वेळेवर सोडणाऱ्या रिअल-टाइम कर्नलवर (प्रणालीच्या गाभ्यावर) आहे. बाजारात मिळणारी यूएसबी-पॅरलल केबल या कामाला चालत नाही. ती छपाईयंत्राला अक्षरे पोहोचवण्यासाठी असते आणि स्पंदनांतील समान अंतर राखणे हे तिचे काम नव्हे. २००९ पासूनच्या जीआरबीएल सारख्या प्रणालींनी हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. स्पंदने आर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डावर तयार होतात आणि संगणक फक्त जी-कोडच्या, म्हणजे यंत्राला हालचाली सांगणाऱ्या सांकेतिक आज्ञांच्या, ओळी पाठवतो. आज नवीन जुळणी करणाऱ्याने हीच वाट धरावी.

गणित : सामान्य स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते, म्हणजे पावलागणिक १.८ अंश. टेबल फिरवणाऱ्या वर्मचे (मळसूत्री दांड्याचे) प्रमाण बहुधा ७२, ९० किंवा ४० ला एक असते, म्हणजे वर्मचे तितके फेरे झाल्यावर टेबलाचा एक फेरा होतो. ७२ चे टेबल घेतल्यास पूर्ण फेऱ्याची १४,४०० पावले होतात आणि एक पाऊल ०.०२५ अंशाचे पडते. मोटरला प्रवाह देणाऱ्या ड्रायव्हर मंडलाने पावलाचे दहा भाग केले, तर १,४४,००० सूक्ष्मपावले होतात व प्रत्येक नऊ कोनीय सेकंदांचे येते. हा आकडा आकर्षक असला तरी सूक्ष्मपावले समान असतीलच असे नाही आणि दोन पावलांमधल्या स्थितीत रोटर भाराखाली मागे-पुढे होतो. अचूकतेचा हिशेब पूर्ण पावलांत करणे सुरक्षित.

खरी अडचण भागाकारात आहे. पारंपरिक डिव्हायडिंग हेडवर (हाताने फिरवायच्या वर्तुळविभाजकावर) ४० फेऱ्यांचा वर्म आणि भोकांच्या तबकड्या असतात. ब्राउन अँड शार्प पद्धतीच्या तीन तबकड्यांत १५ ते ४९ भोकांची वर्तुळे असून त्यांवर ५० पर्यंतचे सर्व विभाग साधतात. ५१, ५३, ५७, ५९ मात्र साध्या रीतीने साधत नाहीत. सोलापुरात हा प्रश्न पुस्तकी नाही. साध्या यंत्रमागावर इंचातील आडव्या धाग्यांची संख्या, म्हणजे पिक, बदलायची तर टेक-अपमधील (विणलेले कापड ओढून घेणाऱ्या भागातील) चेंज व्हील हे दंतचक्र बदलावे लागते आणि तेथे अशाच अडनिड्या दात्यांची चाके लागू शकतात. जुन्या मागाचे एकच चाक झिजले असेल, तर ते घरच्या मिलिंगवर कापणे शक्य असते.

५३ दाते घेऊ. १४,४०० भागिले ५३ म्हणजे २७१ आणि बाकी ३७. दर दात्याला २७१ पावले टाकत गेल्यास ५३ व्या दात्यानंतर ३७ पावले, म्हणजे ०.९२५ अंश उरतात. एका दात्याचा वाटा ६.७९ अंश, त्याच्या सुमारे सातव्या हिश्शाची ही चूक शेवटच्या एका फटीत जमा होते आणि चाक त्या जागी अडकते. नवशिके ही चूक मोटरच्या माथी मारतात. उपाय असा की प्रत्येक दात्याची जागा शून्यापासून मोजावी : दात्याचा क्रमांक गुणिले १४,४०० भागिले ५३, आणि उत्तर जवळच्या पूर्णांकात घ्यावे. मग कोणताही दाता अर्ध्या पावलापेक्षा जास्त हलत नाही. १०० मिमी व्यासाच्या चाकाच्या परिघावर अर्धे पाऊल म्हणजे सुमारे ०.०११ मिमी. बाकी सर्वत्र समान पसरवण्याची ही कल्पना जॅक ब्रेझनहॅम यांनी १९६२ मध्ये आयबीएममध्ये आलेखकावर रेषा काढण्यासाठी बसवलेल्या रीतीशी नात्याची आहे. लेथ-मिलिंगच्या नियंत्रणप्रणालींत तिची रूपे आजही वापरात आहेत. जी-कोडमध्ये टेबलाला ‘ए’ अक्ष म्हणतात, तो अंशांत बोलतो. तेव्हा अंश दर वेळी मागच्यात मिळवून न देता निरपेक्ष स्वरूपात द्यावेत.

यांत्रिक बाजू : वर्म आणि चक्र यांच्यातील खेळ कोणत्याही प्रोग्रॅमने नाहीसा होत नाही. नेहमी एकाच बाजूने जागेवर यावे. मागे यायचे असल्यास ओलांडून जाऊन परत पुढे यावे. कटर लागण्यापूर्वी टेबलाचा क्लॅम्प आवळावा आणि टेबल फिरवण्यापूर्वी सैल करावा. हे विसरल्यास मोटर पावले गमावते व उघड्या साखळीत, म्हणजे मोटरकडून उलट निरोप येत नसलेल्या जुळणीत, संगणकाला त्याचा पत्ताही लागत नाही. एन्कोडर (फिरणे मोजणारे साधन) लावलेल्या मोटरी गमावलेले पाऊल ओळखतात. पण एन्कोडर मोटरच्या शाफ्टवर असल्याने वर्मपुढचा खेळ त्यांनाही दिसत नाही.

विद्युत बाजूस दोन गोष्टी जिवाच्या आहेत. आपत्कालीन बटणाने मोटरींचा व स्पिंडलचा पुरवठा थेट तोडला पाहिजे. संगणकाला फक्त निरोप देणारे बटण संगणक गोठल्यावर निरुपयोगी ठरते. आणि ड्रायव्हर चालू असताना मोटरची तार कधीही काढू नये, त्याने ड्रायव्हर जळतो. संगणक व ड्रायव्हर यांच्यामध्ये ऑप्टोकप्लर (संदेश प्रकाशाने पलीकडे देऊन विद्युत जोड तोडणारा घटक) असलेला बोर्ड ठेवतात, तो संगणकाच्या पोर्टच्या रक्षणासाठी.

सोलापूरच्या हवेत आणखी काळजी लागते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. स्टेपर मोटर उभी असतानाही प्रवाह घेते आणि हात ठेववणार नाही इतकी तापते. तो दोष नव्हे. ड्रायव्हरचे मात्र तसे नाही. त्याची पेटी बंदिस्त असेल तर पंखा हवाच आणि काम थांबले असता मोटरचा प्रवाह निम्मा करण्याची सोय वापरावी. टेबल तेवढ्याने निसटत नाही, कारण टेबलाकडून आलेल्या जोराने वर्म फिरत नाही. मागांच्या शेजारी असलेल्या वर्कशॉपमध्ये सुताची तूस पंख्याच्या जाळीवर, लिमिट स्विचच्या फटीत आणि तेलकट वर्मवर थर धरते. प्रकाशावर चालणारे उघडे स्विच अशा जागी चुकीचे संदेश देतात. तेथे यांत्रिक किंवा इंडक्टिव्ह स्विच टिकतात.