सुरू, काजू आणि बीजावरचे आवरण

कोकणच्या पुळणीलगत उभी असलेली सुरूची बने पाहून अनेकांना पाइनची आठवण होते, कारण सुईसारख्या हिरव्या काड्या आणि शंकूसारखी टणक फळे दोन्ही झाडांना दिसतात; तरीही सुरूचे खरे नाते आंब्या-फणसाशी आहे. वनस्पतींचे मोठे गट बाह्यरूपावरून ठरत नाहीत, तर शरीरात पाणी वाहून नेणाऱ्या ऊती आहेत का, बी धरते का आणि धरल्यास ते उघडे असते की झाकलेले, यांवरून ठरतात.

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आयखलर यांनी १८८३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत बी न धरणाऱ्या आणि बी धरणाऱ्या वनस्पती असे दोन विभाग आहेत. पहिल्या विभागातील सर्व वनस्पती एकाच वंशातील नाहीत, हे आता डीएनएच्या अभ्यासाने स्पष्ट झाले असले, तरी ओळख करून घेण्यास ही विभागणी आजही उपयोगी पडते. खडपावरचे शेवाळ, पावसाळ्यात जांभ्याच्या गडग्यावर पसरणारी मॉस आणि विहिरीच्या कडेचे नेचे या विभागात येतात. मॉसमध्ये वाहक ऊती नसतात, नेच्यात त्या असतात. मात्र दोघांच्याही नरपेशींना अंडपेशीपर्यंत पाण्यातून पोहत जावे लागते, म्हणून ओलावा त्यांना सोडवत नाही.

बी धरणाऱ्यांपैकी पाइन अनावृत्तबीजी आहे, कारण त्याचे बी शंकूच्या खवल्यावर उघडेच असते. अशा जाती जगात सुमारे एक हजार, तर फुलणाऱ्या आवृत्तबीजी, म्हणजे झाकलेल्या बीच्या, वनस्पती सुमारे तीन लाख आहेत. सुरूचे बी फुलातील अंडाशयात तयार होते, म्हणून सुरू आवृत्तबीजी ठरतो. त्याच्या हिरव्या काड्याही पाने नसून डहाळ्या आहेत आणि खरी पाने त्यांच्या पेरांवर बारीक दातांसारखी असतात.

काजू याच्या नेमका उलट चकवा देतो. बोंडाखाली लोंबणारी बी उघडी भासते, परंतु बोंड हा फुगलेला देठ असून टरफलासह ती बी हेच झाडाचे फळ आहे. आतील काजूगराची दोन पाळी ही त्याची दोन बीजपत्रे, म्हणजे बीतच असलेली पहिली पाने होत, म्हणून काजू द्विबीजपत्री आहे. नारळ एकबीजपत्री आहे. रुजलेला नारळ फोडल्यावर आत सापडणारा गोड, स्पंजासारखा गोळा, जो कोकणात मुले आवडीने खातात, तो त्याच्या एकमेव बीजपत्राचाच भाग असतो आणि खोबऱ्यातील अन्न शोषून ते कोंबाला पुरवतो.