बल्गेरियातील लोवेच : झाकलेला पूल, देवेताश्का गुहा आणि क्रुशुनाचे धबधबे

नमस्कार,

बल्गेरिया म्हटलं की बहुतेक सहलींत सोफिया, रिला मठ आणि काळ्या समुद्राचा किनारा एवढंच असतं. आम्ही मात्र आमच्या लहान गटाला तीन रात्री लोवेचला मुक्कामाला नेतो. 'हे गाव कुठलं? कधी नाव ऐकलं नाही,' असं नोंदणीच्या वेळी बरेच जण विचारतात. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे. निघण्यापूर्वी एकदा सावकाश वाचा.

लोवेच सोफियाहून साधारण १५० किलोमीटरवर आहे. गाडीने दोन-अडीच तास लागतात. बाल्कन पर्वताच्या उत्तरेकडच्या उतारावर, ओसम नदीच्या वळणात हे शहर वसलं आहे. वाटेत कार्लुकोवोजवळची प्रोहोद्ना गुहा पाहून पुढे जातो. तिच्या छताला शेजारी शेजारी दोन भोकं आहेत. स्थानिक लोक त्यांना 'देवाचे डोळे' म्हणतात. पावसात त्या डोळ्यांतून खरोखर पाणी गळतं.

लोवेचची ओळख म्हणजे तिथला झाकलेला पूल. १८७२ च्या पुरात जुना पूल वाहून गेला, तेव्हा गावाने कोल्यू फिचेतो या नावाजलेल्या गवंड्याला बोलावलं. त्याने १८७४ ते १८७६ या काळात दगडी खांबांवर लाकडी पूल उभा केला, वर छप्पर घातलं आणि आत दोन्ही बाजूंना दुकानं काढली. म्हणजे नदी ओलांडता ओलांडताच बाजारहाट व्हायचा. १९२५ साली तो पूल जळाला. १९३१ मध्ये काँक्रीटचा बांधला गेला आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा जुन्या रूपाच्या जवळ आणला गेला. म्हणून आज जे लाकूड दिसतं ते फिचेतोच्या हातचं नाही, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. तरीही संध्याकाळी सहाच्या सुमारास या पुलावरून एक फेरी माराच. पायाखाली फळ्या, खिडकीतून दिसणारी ओसम, आणि दुकानं आवरणारी माणसं.

पूल ओलांडला की वरोशा ही जुनी वस्ती लागते. गोट्यांचे चढे रस्ते, पांढऱ्या भिंती, वरच्या मजल्याचे पुढे आलेले लाकडी सज्जे. इथेच वासिल लेव्स्की यांचं संग्रहालय आहे. ऑटोमन (तुर्की) सत्तेविरुद्ध गावोगाव गुप्त समित्या उभ्या करणारा हा क्रांतिकारक. त्याच्या संघटनेचं मुख्य केंद्र लोवेचला होतं. डिसेंबर १८७२ मध्ये जवळच्याच काक्रिना गावातल्या खाणावळीत तो पकडला गेला आणि १८७३ मध्ये सोफियात त्याला फाशी झाली. बल्गेरियन माणूस त्याचं नाव आजही आदराने घेतो. संग्रहालयात मोठ्याने बोलू नका, एवढी विनंती.

वर हिसार्या किल्ला. ११८७ साली, बल्गेरियावर ज्याची सत्ता होती त्या बायझंटाईन (पूर्व रोमन) सम्राटाने याला तीन महिने वेढा घातला, पण किल्ला पडला नाही. शेवटी तह झाला आणि बल्गेरियाचं राज्य पुन्हा उभं राहिलं. आज अवशेषच उरले आहेत, पण वरून नदीचं वळण आणि लाल कौलांचं अख्खं गाव दिसतं. पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर खालीच थांबा. आमचा एक माणूस तुमच्यासोबत थांबेल.

आता देवेताश्का गुहा. शहरापासून ती साधारण १८ किलोमीटरवर, ओसम नदीच्या काठी आहे. गुहेचं तोंडच सुमारे ३५ मीटर रुंद आणि ३० मीटर उंच आहे. आत गेलं की छताला पडलेल्या सात भोकांतून उन्हाचे झोत खाली उतरतात, आणि जिथे ते पडतात तिथेच हिरवं शेवाळं उगवलेलं असतं. जमिनीवर काँक्रीटची मोठी गोल कडी दिसतील. गेल्या शतकात इथे इंधनाच्या टाक्या ठेवल्या होत्या, त्यांच्या त्या खुणा. माणूस मात्र इथे त्याच्या कितीतरी आधी, अश्मयुगापासून राहत आला आहे.

या गुहेत हजारो वटवाघळं राहतात. १ जून ते ३१ जुलै हा त्यांच्या पिल्लांचा काळ, म्हणून तेव्हा गुहा पर्यटकांसाठी बंद असते. माणसांच्या आवाजाने माद्या उडाल्या की छताला लटकलेली पिल्लं खाली पडून मरतात. पहिल्या वर्षी आम्ही ही तारीख नीट पाहिली नाही आणि जूनमध्ये गट नेला. लोक दारातून परत फिरले. ती चूक आमचीच होती. तेव्हापासून आमची ही सहल फक्त मे आणि सप्टेंबरमध्ये निघते. शाळेच्या सुट्टीमुळे जूनचा आग्रह धरणाऱ्यांना आम्ही नम्रपणे नाही म्हणतो.

त्यातही मे उत्तम, कारण क्रुशुनाच्या धबधब्यांना तेव्हा भरपूर पाणी असतं. डोंगरातून येणाऱ्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. पाणी उघड्यावर येऊन खळाळलं की तो चुना खाली बसतो आणि त्याचे थरावर थर चढून वाटीसारख्या पायऱ्या तयार होतात. एका वाटीतून दुसरीत ओतणारं दुधी-निळसर पाणी पाहताना वेळ कळत नाही. लाकडी जिने आणि साकव ओले असतात, तेव्हा पकड असलेले बूट हवेतच. चपला नकोत. चुन्याचे थर नाजूक असल्याने पाण्यात उतरायचं नाही.

तिसऱ्या दिवशी त्रोयान मठ. भिंतींवरची चित्रं झाखारी झोग्राफ या चित्रकाराने १८४७ ते १८४९ मध्ये काढली. लेव्स्कीने इथल्या साधूंचीही गुप्त समिती केली होती. येताना त्रोयानची मातीची भांडी घ्या, ओघळत्या थेंबांच्या नक्षीची.

जेवणाची काळजी शाकाहारी मंडळींनी करू नये. काकडी-टोमॅटोवर किसलेलं पांढरं चीज घातलेली शोप्स्का कोशिंबीर, दही-काकडीचं गार सूप तारातोर, चीज भरलेली बानित्सा, आणि भाजलेल्या वांग्याचं क्योपोलू, जे आपल्या भरताच्या अगदी जवळचं आहे. दही तर आपल्याला घरच्यासारखंच लागतं. हॉटेलात 'बेझ मेसो' म्हणा, म्हणजे मांस नको. एक लक्षात ठेवा : तिथे मान आडवी हलवली की 'हो', आणि वर झटकली की 'नाही'. गोंधळ झाला तर 'दा' म्हणजे हो, 'ने' म्हणजे नाही, हे तोंडाने विचारून घ्या.

बल्गेरिया आता शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे आणि १ जानेवारी २०२६ पासून तिथे युरो चालतो. घरात लेव्ह, म्हणजे तिथलं जुनं चलन, पडून असतील तर ते दुकानात चालणार नाहीत. या सहलीला जोडून दुसऱ्या शेंगेन देशात जास्त रात्री राहणार असाल, तर व्हिसाचा अर्ज त्या देशाकडे करावा लागतो. त्यामुळे तिकिटं काढण्याआधी आम्हाला पूर्ण कार्यक्रम कळवा.

नोंदणी करताना औषधं, गुडघे, आणि कांदा-लसूण चालतो की नाही, हे फॉर्मवर जरूर लिहा. त्यावरून आम्ही लोवेचमधल्या हॉटेलवाल्यांशी आधीच बोलून ठेवतो.