दरडोई तेलसंपत्ती

दरडोई तेलसंपत्ती म्हणजे देशाच्या जमिनीखाली किंवा समुद्राखाली असलेलं कच्चं तेल, किंवा त्या तेलातून आलेला पैसा, भागिले तिथली माणसं. ऐकायला शाळेतला भागाकार वाटतो, पण अंशात काय घालायचं आणि छेदात कोणाला मोजायचं हे दोन्ही प्रश्न इतके अवघड आहेत की एकाच देशाचे एकाच वर्षाचे आकडे तीन-तीन पटींनी वेगळे येतात, आणि ३०-४० वर्षांची तुलना करायला गेलं की गुंता अजून वाढतो.

पूर्वी सोपा मार्ग असा होता की जीडीपीत तेलाचा वाटा किती टक्के ते बघायचं आणि तेवढ्यावरून देश तेलाने श्रीमंत की नाही ते ठरवायचं. यात मोठी चूक होते. देशात दुसरं काहीच पिकत-बनत नसेल तर थोडंसं तेलही जीडीपीचा मोठा हिस्सा दिसतं, आणि यादवी युद्धात शेती, कारखाने, दुकानं बंद पडली तर तेल एक थेंब न वाढताही त्याचा टक्का वर जातो. म्हणून माणशी किती बॅरल किंवा माणशी किती पैसा असं मोजायची पद्धत रुळली. नायजेरियाचं उदाहरण बघा. १९५६ मध्ये ओलोइबिरीला तेल लागलं, सिद्ध साठा सुमारे ३७ अब्ज बॅरल, नाव मोठं, पण लोकसंख्या २० कोटींच्या पुढे, म्हणजे माणशी पावणेदोनशे बॅरलच्या आसपास. नॉर्वेचा उरलेला साठा नायजेरियाच्या पाव भागाहूनही कमी, पण तिथे माणसंच ५५ लाख, त्यामुळे माणशी हजारावर बॅरल येतात. भारताचं गणित तर अजून वेगळं, १९७४ मध्ये सागर सम्राट जहाजावरून बॉम्बे हायला तेल सापडलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं, तरी आज सगळ्या देशाचा साठा माणशी ३ बॅरलच्या आसपासच बसतो (एक बॅरल म्हणजे १५९ लिटर).

आता अंशाकडे. ‘सिद्ध साठा’ म्हणजे जमिनीत असलेलं सगळं तेल नाही, आजच्या भावात आणि आजच्या तंत्राने परवडेल असं काढता येणारं तेल. भाव वाढला की साठा वाढतो, भाव पडला की कमी होतो, तेल तिथेच असतं. शिवाय आकडा सरकारं स्वतः जाहीर करतात. १९८० च्या दशकात ओपेकने (तेल विकणाऱ्या देशांची संघटना) कोणी किती तेल काढायचं याचे कोटे लावले, आणि मग कुवेतचा साठा १९८४ च्या सुमारास ६७ अब्जांवरून ९० अब्जांच्या वर गेला, सौदीचा १९८८ च्या सुमारास १७० वरून २५५ अब्जांवर. तेवढे नवे मोठे शोध लागलेले नव्हते. कोटा ठरवताना साठा बघितला जाण्याची शक्यता होती म्हणून आकडे वाढवले, हा संशय तेव्हापासून घेतला जातो. त्यामुळे १९८० ते १९९० चा दरडोई बॅरलचा आलेख कुठे दिसला तर मधली ती उडी खरी श्रीमंती समजू नये.

व्हेनेझुएलात याहून मोठी उडी आहे. ओरिनोको पट्ट्यातलं अतिजड तेल हिशोबात धरल्यावर साठा काही वर्षांत ८० अब्जांवरून ३०० अब्जांच्या घरात गेला, जगात सगळ्यात जास्त. पण हे तेल डांबरासारखं घट्ट, ते पातळ करून, प्रक्रिया करूनच विकता येतं, खर्च भरपूर. १९९८ मध्ये दिवसाला ३० लाख बॅरलच्या वर असलेलं उत्पादन २०२० पर्यंत १० लाखांच्याही खाली आलं, आणि २०१४ नंतरच्या दहा वर्षांत ७० लाखांहून जास्त माणसं देश सोडून गेली. आता दरडोई साठा काढा, तो वाढलेला दिसतो, कारण वाटेकरीच निघून गेले! इतकी दैना झालेल्या देशात आकडा वर जातो, हे बघितलं की नुसत्या बॅरलवर विश्वास का ठेवू नये ते कळतं.

म्हणून अर्थतज्ज्ञ बॅरलऐवजी खंड मोजतात. खंड म्हणजे विक्रीच्या भावातून तेल काढायचा खर्च (भांडवलाचा रास्त परतावा धरून) वजा केल्यावर उरतं ते. समजा भाव ७० डॉलर, एका विहिरीत खर्च १० आणि दुसरीत ४५, तर पहिल्या बॅरलची किंमत ६० आणि दुसऱ्याची फक्त २५. साठा किती वर्षं पुरेल त्याचा अंदाज घ्यायचा, दरवर्षीचा खंड आजच्या किमतीत आणायचा, बेरीज करायची आणि लोकसंख्येने भागायचं. वर्ल्ड बँकेचा देशांच्या संपत्तीचा हिशोब साधारण याच वाटेने जातो. यात भावाचा झोका फार त्रास देतो, २००८ च्या जुलैत १४७ डॉलर आणि २०२० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत एक दिवस चक्क शून्याच्याही खाली, मग कोणता भाव धरायचा? सहसा काही वर्षांची सरासरी घेतात आणि महागाई वजा करतात. महागाई न काढता केलेला आलेख कुणी दाखवला तर तो बाजूला ठेवलेला बरा.

छेदाचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. सौदीत १९७४ च्या जनगणनेत सुमारे ७० लाख लोक होते, १९९२ मध्ये १.६९ कोटी, २०२२ मध्ये ३.२२ कोटी. आजोबांची २० एकर जमीन नातवंडांपर्यंत येता येता सातबाऱ्यावर गुंठ्यांत मोजावी लागते तसंच हे, जमीन तेवढीच आणि नावं वाढत गेलेली. आजचा २६७ अब्ज बॅरल साठा सगळ्या रहिवाशांत वाटला तर माणशी सुमारे ८,३०० बॅरल, पण त्या ३.२२ कोटींत सौदी नागरिक फक्त १.८८ कोटी, तेवढेच धरले तर १४,००० च्या वर. कुवेतमध्ये तर नागरिक एक तृतीयांशाच्या आसपास, त्यामुळे आकडा तिपटीने बदलतो. बाकीचे कोण? भारत, बांगलादेश, इजिप्त, फिलिपिन्सहून आलेले कामगार, त्यात आपल्या रत्नागिरी-रायगडकडचे कितीतरी जण, ज्यांच्या घामावर तिथली शहरं उभी राहिली. तेलाच्या पैशातला नागरिकांसाठीचा वाटा त्यांना मिळत नाही, पगार मिळतो, आणि तरी सरासरीत त्यांना धरलं जातं. माझ्या मते दोन्ही आकडे शेजारी-शेजारी द्यायला हवेत, एकच दिला तर कुणावर तरी अन्याय होतो.

अमेरिकेच्या अलास्का राज्यात कोणाला किती धरायचं हा वाद कोर्टात गेला होता. १९७६ मध्ये राज्यघटनेत बदल करून तेलाच्या रॉयल्टीचा (तेल काढायच्या हक्काबद्दल कंपन्या सरकारला देतात तो हिस्सा) किमान चौथा भाग कायमच्या फंडात टाकायचं ठरलं, आणि लाभांश वाटताना जितकी वर्षं तुम्ही अलास्कात राहिलात तितका जास्त वाटा अशी योजना होती. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये ती रद्द केली, मग त्याच वर्षी सगळ्यांना सारखे १,००० डॉलर मिळाले. दरडोई हा शब्द इतका शब्दशः क्वचितच खरा होतो.

काळानुसार मोजायचं तर तेल कमी झालं म्हणजे देश गरीब झाला असंही नाही, ते कशात बदललं ते बघावं लागतं. नॉर्वेत १९६९ मध्ये एकोफिस्कचा साठा सापडला, तेलाचा पैसा साठवायच्या फंडाचा कायदा १९९० चा, पहिले पैसे १९९६ मध्ये टाकले, सुमारे २ अब्ज क्रोनर, म्हणजे तेव्हाच्या लोकसंख्येत माणशी साधारण ४५० क्रोनर. २०२४ च्या शेवटी फंड २० लाख कोटी क्रोनरच्या आसपास होता, माणशी ३५ लाखांच्या वर. यातला निम्म्याहून जास्त भाग तेलाचा नाही, परदेशातल्या शेअर आणि रोख्यांवर मिळालेल्या परताव्याचा आहे. २००१ मध्ये नियम केला की सरकारने वर्षाला सरासरी ४ टक्केच वापरायचे, २०१७ मध्ये ते ३ टक्क्यांवर आणलं. समुद्राखालचे दरडोई बॅरल घटत गेले आणि कागदावरची दरडोई संपत्ती चढत गेली, हे दोन आलेख एकत्र काढल्याशिवाय नॉर्वे समजत नाही. कुवेतनेही १९७६ मध्ये भावी पिढ्यांसाठी उत्पन्नाचे १० टक्के बाजूला काढायला सुरुवात केली होती, आणि १९९०-९१ मध्ये इराकने देश व्यापला, ६०० हून जास्त विहिरी पेटवल्या, तेव्हा परदेशात गुंतवलेला पैसाच कामी आला.

सध्या सगळ्यांचं लक्ष गयानावर आहे. २०१५ मध्ये समुद्रात तेल सापडलं, डिसेंबर २०१९ पासून उत्पादन, काढता येईल असा अंदाज सुमारे ११ अब्ज बॅरल आणि लोक जेमतेम ८ लाख, म्हणजे माणशी १३,००० बॅरलच्या वर, सौदीच्या रहिवाशांपेक्षा जास्त. पण २०१६ च्या करारानुसार उत्पादनातले ७५ टक्क्यांपर्यंत तेल आधी कंपन्यांच्या खर्चवसुलीला जातं, उरलेल्याचे सरकार आणि कंपन्यांत दोन समान भाग, शिवाय एकूण उत्पादनावर सरकारला २ टक्के रॉयल्टी, म्हणजे वसुली पूर्ण मर्यादेपर्यंत चालू असेपर्यंत सरकारच्या हातात १४.५ टक्के. खर्च वसूल होत जाईल तसा हा हिस्सा वाढायचा आहे, तोपर्यंत तिथला दरडोई हिशोब बॅरलवरून नाही तर सरकारी फंडात दरवर्षी प्रत्यक्ष जमा होणाऱ्या रकमेवरून करावा लागतो.