प्लग बसला म्हणजे कीबोर्ड चालतोच असं नाही

‘गोल पाच-पिनी प्लग बसला की कुठलाही जुना कीबोर्ड चालतो’ हा समज चुकीचा आहे. आयबीएम पीसी (१९८१), एक्सटी (१९८३) आणि एटी (१९८४) या संगणकांचं सॉकेट एकच, पण पीसी-एक्सटीची बोली एक आणि एटीची वेगळी. एक्सटी कीबोर्ड पॅरिटीशिवाय (चूक पकडणाऱ्या जादा बिटाशिवाय) ८ डेटाबिट पाठवतो. एटीचा संदेश ११ बिटांचा असतो, शिवाय संगणकही कीबोर्डला आज्ञा देतो. ‘ए’ दाबलं की एक्सटी कीबोर्ड त्या कळीचा संकेत १ई (हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पटीतला आकडा) पाठवतो, एटी १सी. पाच व्होल्ट आणि ग्राउंड त्याच पिनांवर असल्याने सहसा काही जळत नाही, फक्त कळा मुक्या राहतात. म्हणून चांगला कीबोर्ड बिघडला समजून टाकू नका! आधी उलटा करून एक्सटी-एटी खटका शोधा, आणि तो संगणक बंद ठेवूनच बदला. खटका नसेल तर मायक्रोकंट्रोलरवाला (संकेत बदलून देणाऱ्या छोट्या चिपचा) कन्व्हर्टर लागतो. साधा प्लग-अडॅप्टर फक्त एटी ते पीएस/२ (नंतरचा छोटा गोल प्लग) साठी पुरतो, कारण त्या दोघांची बोली एकच.